‘सकाळी पाहू’ म्हणू नका

हे आवाहन अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या माणसांसाठी आहे. दिवाळी होऊन गेली, कापूस वेचणीला आला, मेळघाटातली कुटुंबं कामाच्या शोधात डोंगर उतरली आणि रात्री गारठू लागल्या. लेकरं घराबाहेर सापडण्याचे हे महिने आहेत. म्हणून सगळ्यांत महत्त्वाचं आधी सांगते. रात्री कुठेही एकटं, घाबरलेलं, मार खाल्लेलं, रस्ता चुकलेलं मूल दिसलं तर त्याच मिनिटाला १०९८ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, आणि हा नंबर रात्रीही लागतो. माझं दुसरं मागणं याहून मोठं आहे, त्यासाठी थोडं सविस्तर सांगावं लागेल.

मी बाल संरक्षणाच्या कामात रात्रपाळी केलेली बाई आहे. पुढे सांगितलेल्या प्रसंगांतली गावं आणि वेळा मी बदलल्या आहेत. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे आणि तसा तो असायलाच हवा.

एका हिवाळ्यात रात्री एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बडनेरा स्टेशनबाहेरून एक चहावाला बोलत होता. “ताई, एक पोट्टं हाय इथं. आठ वाजल्यापासून बसून हाय. बोलत नाई कोनाशी. मले वाटलं, कोनी येईन न्यायले. मंग म्हटलं, सकाळी पाहू. पन आता दोघंजन त्याच्यासंगं लय बोलून ऱ्हायले.”

आम्ही पोचलो तेव्हा ते दोघे निघून गेले होते. मुलगा नऊ वर्षांचा असेल. अर्ध्या बाह्यांचा सदरा, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. हातात वड्याचा तेलकट कागद आणि त्या कागदाच्या कोपऱ्यावर पेनाने लिहिलेला मोबाईल नंबर. ढाब्यावर काम देतो, जेवण देतो, उद्या गाडीत बसवतो, असं त्याला सांगण्यात आलं होतं. मुंबई–हावडा मार्गावरच्या गाड्या बडनेऱ्याला रात्रभर येत-जात असतात. पहाटेपर्यंत ते मूल कुठल्या राज्यात असतं, कोण सांगणार?

त्या चहावाल्याला मी दोष देत नाही. पाच तास त्याने मुलावर नजर ठेवली, दोनदा चहा पाजला आणि शेवटी फोनही त्यानेच केला. त्याच्यासारखी माणसं नसती तर आमचं काम चाललंच नसतं. पण ते पाच तास फुकट गेले ते दोन शब्दांमुळे: सकाळी पाहू. हे दोन शब्द मी शिपायाच्या तोंडून ऐकले आहेत, नर्सच्या, सरपंचाच्या, सख्ख्या काकाच्या तोंडून ऐकले आहेत. एकदा मी स्वतःही म्हटले आहेत. दारू प्यालेल्या बापाने तीन पोरांना घराबाहेर काढल्याचा फोन आला होता. शेजारी आहेत, गाव आहे, सकाळी निघते, असं मी म्हणाले. सकाळी पोरं तिथे नव्हती. रात्रीतूनच ती मावशीच्या गावाकडे चालत निघाली होती, सगळ्यांत मोठी अकरा वर्षांची, सगळ्यांत धाकटं तिच्या कडेवर. ती सुखरूप सापडली, म्हणून आज मी हे लिहू शकते आहे.

१०९८ हा नंबर मुळात रात्रीमुळेच जन्माला आला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेशी जोडलेल्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करत. त्यांनी आपला फोन नंबर त्या मुलांना देऊन ठेवला होता, आणि मुलं फोन करायची ती रात्रीच. कुणाला पोलिसांनी पकडलेलं, कुणाला ताप, कुणाला नुसतं बोलायचं असायचं. त्यातून १९९६ मध्ये चाईल्डलाईन उभी राहिली आणि पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ‘मिशन वात्सल्य’खाली ही सेवा सरकारने थेट आपल्याकडे घेतली. आता फोन राज्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो आणि तिथून जिल्ह्याच्या पथकाला निरोप मिळतो. आणीबाणी असेल तर तो पोलिसांच्या ११२ शीही जोडला जातो. व्यवस्था बदलली, नंबर तोच राहिला.

आता जिल्ह्याच्या पथकाचं गणित पाहा. मिशन वात्सल्यच्या आराखड्यात एका जिल्ह्याच्या चाईल्ड हेल्पलाईनला एक समन्वयक, एक समुपदेशक, तीन पर्यवेक्षक आणि तीन केस वर्कर, इतकी पदं आहेत. पाळ्या तीन. म्हणजे सगळी पदं भरलेली असली, कुणी आजारी नसलं, कुणाच्या घरी लग्न नसलं, तरी रात्रीच्या वाट्याला दोन माणसं येतात. अमरावती जिल्ह्यात चौदा तालुके आहेत आणि क्षेत्रफळ बारा हजार चौरस किलोमीटरच्या वर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. अकोल्यात सात तालुके, १८ लाख माणसं. धारणीहून फोन आला तर अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाट ओलांडून जावं लागतं आणि वाटेत मोबाईलची रेंज नसते. मेळघाटातून तेल्हारा-अकोटकडे उतरलेलं मूल कोणत्या जिल्ह्याचं, यावर वाद घालायला रात्री कुणाला वेळ नसतो, पण कागदाला तो वाद लागतो.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. रात्री जिल्ह्यात दोन माणसं असतात, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. बाकीची माणसं तुम्हीच आहात.

मूल सापडल्यावर पुढे काय होतं, हे लोकांना माहीत नसतं, आणि म्हणूनच ते फोन करायला घाबरतात. फोन करणाऱ्याला कोर्टात उभं करतात असं वाटतं. “लेकरू नेतात आन् मंग देत नाईत” असंही वाटतं. म्हणून एक रात्र पूर्ण सांगते.

फोन येतो. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, ठिकाण मात्र नीट सांगा. आम्ही निघतो, पोलीस ठाण्याला कळवतो. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा, असं २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. ठाण्याच्या डायरीत नोंद होते. मूल जखमी असेल, तापाने फणफणलं असेल, तर आधी दवाखाना. अमरावतीत इर्विन किंवा डफरीन, अकोल्यात सर्वोपचार किंवा लेडी हार्डिंग. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, मुलाला बाल कल्याण समितीपुढे उभं करावंच लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. समितीची बैठक नसेल तेव्हा एका सदस्यापुढेही मूल हजर करता येतं. मध्यरात्री दोन वाजता दार उघडून, अंगावर शाल ओढून मुलाशी बोलायला बसणारे सदस्य मी पाहिले आहेत. त्यांचे उपकार कुठल्याच कागदावर लिहिले जात नाहीत.

मग प्रश्न येतो, मूल झोपणार कुठे?

पोलीस ठाण्यात नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पोक्सो कायदा स्वच्छ शब्दांत सांगतो, की कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, आणि जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यावा. झोपायची जागा म्हणजे, मुलगा असेल तर मुलांचं बालगृह, मुलगी असेल तर मुलींचं, तान्हं बाळ असेल तर शिशुगृह. मतिमंद असेल, बोलता येत नसेल, मिरगीचे झटके येत असतील, तर फोनवर फोन करत पहाट होते. एकदा एका संस्थेच्या फाटकाशी आम्ही पावणेदोन तास उभे होतो. आतून सांगितलं गेलं, आदेशाचा कागद आणा, अधीक्षक गावी गेलेत, सकाळी पाहू. माझ्या सहकाऱ्याच्या खांद्यावर सात वर्षांची मुलगी झोपली होती. झोपेतच ती विचारत होती, “आलं का घर?”

आणि हे शहरातलं झालं. चिखलदऱ्याच्या एखाद्या पाड्यावर रात्री दहाला मूल मिळालं, तर त्याला जीपमध्ये घालून वळणावळणाच्या रस्त्याने अंधारात तीन-चार तास खाली आणायचं. मूल कोरकू बोलतं, आम्हाला कोरकू येत नाही. आपण कोण आहोत, त्याला कुठे नेतो आहोत, का नेतो आहोत, हे समजावण्याइतकेही शब्द आमच्याकडे नसतात. गाडीत त्याला उलटी होते. ते रडत नाही, आणि याचीच मला जास्त भीती वाटते. ज्या मुलाने आताच घर गमावलं, त्याला त्याच रात्री डोंगर, भाषा आणि ओळखीची हवाही गमवावी लागते. त्याच गावात किंवा शेजारच्या गावात एका रात्रीपुरतं एक घर असतं, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

आता माझं दुसरं मागणं. ते घर मला तुमच्याकडे मागायचं आहे.

कायद्यात याची सोय आहे. बाल न्याय कायद्याच्या ५२ व्या कलमात ‘योग्य व्यक्ती’ असा शब्द आहे. काळजी, संरक्षण किंवा उपचारासाठी मुलाला तात्पुरतं आपल्याकडे ठेवून घ्यायला जी व्यक्ती योग्य आहे, तिला बाल कल्याण समिती मान्यता देऊ शकते. एखाद्या संस्थेलाही ५१ व्या कलमाखाली अशीच मान्यता मिळते. अशा मान्यताप्राप्त माणसांची यादी समितीकडे तयार असली, तर रात्री फाटकाफाटकाशी उभं राहावं लागत नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदांची रात्रीची आणि सुट्टीच्या दिवसांची वेगळी पथकं असतात, आणि एका रात्रीसाठी मूल घेणारी कुटुंबं त्यांच्याकडे नोंदवलेली असतात. आपल्याकडे कायदा आहे, कमी आहेत ती नावं.

मला प्रत्येक तालुक्यात अशी दहा घरं हवी आहेत. धारणी आणि चिखलदऱ्यात आधी. मग वरूड, मोर्शी, धामणगाव रेल्वे, मूर्तिजापूर, पातूर, तेल्हारा. निवृत्त शिक्षक-शिक्षिका, घरी मोठी झालेली मुलं असलेली जोडपी, नर्स म्हणून आयुष्य घालवलेल्या बाया, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या सेविका. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा. पोलीस पडताळणी होईल, घर पाहायला माणसं येतील, प्रश्न विचारतील. ते प्रश्न टोचले तर राग मानू नका. तुमचं घर पाहायला येणारी बाई त्या मुलाच्या बाजूने येत असते.

काय अवघड आहे तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी फसवल्यासारखं म्हणणार नाही. मूल अंथरुणात लघवी करेल. पोळी खाल्ल्यावर दोन पोळ्या उशीखाली लपवेल. तुमच्या मायेच्या बोलण्याला उत्तर देणार नाही. रात्री तीनला उठून दार उघडून निघून जायला पाहील. पुरुषाचा आवाज चढला की कोपऱ्यात जाऊन बसेल. आणि दोन दिवसांनी तुम्हाला त्याची सवय होईल तेव्हा ते जाईल. जाताना मागे वळूनही पाहणार नाही कदाचित. हे दत्तक नाही. मूल हवं म्हणून कुणी या वाटेने येऊ नये. अशा मुलांच्या दत्तकाची वाट वेगळी आहे, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नोंदणीतून जाणारी, आणि त्या वाटेला दुसरी पळवाट नाही. “बहिणीला मूल नाही, हे तिला देऊन टाकू” असं सापडलेल्या बाळाबद्दल दवाखान्याच्या व्हरांड्यात ठरवणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

वऱ्हाडाला हे नवं नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी स्वतःसाठी घर बांधलं नाही. त्यांनी आयुष्यभर परक्यांना रात्री टेकायला जागा उभ्या केल्या, पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई, जिथे जिथे गरीब माणूस उघड्यावर झोपत होता तिथे. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, वाटेतच त्यांचा जीव गेला. त्यांचं नाव आपण विद्यापीठाला दिलं, नगराला दिलं. दर वर्षी त्या तारखेला आपल्या गावोगावी खराटे निघतात. यंदा त्या दिवशी दोन जिल्ह्यांतून शंभर अर्जही निघावेत, एवढं मला वाटतं.

आणि आपल्या हयातीतलं उदाहरण परतवाड्याजवळच्या वझ्झरला आहे. शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली, अपंग, मूकबधिर, मतिमंद अशी शंभरावर लेकरं सांभाळली. त्यांच्या बापाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. वयाची अठरा वर्षं झाली की अशा मुलाला संस्थेबाहेर काढणारा नियम बदला, म्हणून ते वर्षानुवर्षं सरकारच्या दारात उभे राहिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जळगाव रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक दृष्टिहीन मुलगी त्यांच्याकडे वाढली, अमरावतीत शिकली आणि राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी नोकरीत गेली. तिलाही कुणीतरी पहिल्यांदा पाहिलं होतं. तो माणूस पुढे गेला नाही, थांबला, एवढ्यावर पुढचं सगळं उभं आहे.

रात्रीचे सगळे फोन स्टेशनवरचे नसतात. त्यातल्या दोन प्रकारांबद्दल मला जास्त सांगायचं आहे.

एक, हळदीच्या रात्रीचा फोन. उद्या लग्न आहे, पोरगी नववीत आहे. फोन बहुतेक वेळा वर्गातली मैत्रीण करते, कधी आजी, कधी कळवळून मुलगी स्वतः. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते, पण रात्री दोघांचेही फोन बंद असतात. २००६ च्या कायद्याने मुलीचं वय अठरा, मुलाचं एकवीस. लग्न लावणारा, ठरवणारा, चिथावणारा, तिथे पुढाकार घेणारा, सगळे गुन्हेगार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणून मंगल कार्यालयवाले, बँडवाले, केटरर, भटजी, काझी, भंते, तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगते, इसार घेण्याआधी शाळेचा दाखला पाहा. न्यायालयाने मनाई केल्यानंतरही लग्न लावलं, तर ते लग्न मुळातच रद्द ठरतं. मनाई मिळवायला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ फोन लवकर आला तरच मिळतो. अक्षता पडल्यावर आलेल्या फोनाने मुलगी वाचवता येते, पण तेव्हा ती सासरच्या दारात उभी असते, माहेर तिला परत घेत नाही, आणि सगळं गाव तिलाच दोष देतं. हळदीच्या रात्री आम्ही पोचलो, तेव्हा काही वेळा बाप रडला आहे, काही वेळा काका. “मेलेल्या भावाची पोरगी, माझ्यावर भार होती म्हणून नाही, जबाबदारी होती म्हणून उरकत होतो,” असं एका काकाने सांगितलं. त्याला बालसंगोपन योजना माहीत नव्हती. बाप किंवा आई गेलेल्या मुलाला त्या योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या आपल्या भागात हे प्रत्येक गावातल्या प्रत्येक आशाताईला पाठ असायला हवं. ते लग्न थांबलं. अर्ज आम्ही त्याच रात्री, हळदीच्या मांडवात बसून भरला.

दुसरा फोन तान्ह्या बाळाचा. झुडपात, मंदिराच्या पायरीवर, बसस्थानकाच्या बाकाखाली. गारठ्यात तासाभराचं अंतरही जीवावर बेततं, म्हणून बाळ सापडलं तर आधी छातीशी धरा, कोरड्या फडक्यात गुंडाळा, डोकं झाका, आणि १०८ आणि १०९८ दोन्ही लावा. व्हिडिओ नंतरही काढू नका. पण मला खरं बोलायचं आहे ते त्या बाळाच्या आईशी, जी हे वाचत असेल, किंवा जिची मोठी बहीण, मावशी, डॉक्टर हे वाचत असेल. बाई, बाळ सांभाळता येत नसेल तर टाकू नकोस. बाल कल्याण समितीपुढे ते कायद्याने सोपवता येतं. तुझं नाव जगाला कळत नाही. तुझ्याशी बोलतात, समजावतात आणि विचार बदलायला साठ दिवस देतात. त्या साठ दिवसांत बाळ परत मागता येतं. सोपवणं गुन्हा नाही. दवाखान्यातल्या नर्सला एवढंच सांग, “मले समितीकडे जायचं हाय.” ती १०९८ लावेल. लावायलाच हवी.

मारहाणीच्या फोनांबद्दल थोडक्यात. शेजारी म्हणतात, घरचं भांडण आहे, आपण कशाला पडायचं. आम्ही आलो की मूल कायमचं नेतो, असा समज आहे. तसं नाही. कुटुंब आधी, संस्था शेवटी, हे बाल न्याय कायद्याचं तत्त्वच आहे. बहुतेक रात्री काम आजी शोधण्याचं असतं, मामाला फोन लावण्याचं असतं, बापाची दारू उतरेपर्यंत आई-लेकरांना सुरक्षित ठेवण्याचं असतं. लैंगिक अत्याचाराचं मात्र वेगळं. तिथे कळवणं ऐच्छिक नाही. माहीत असून न कळवणाऱ्याला पोक्सो कायद्यात सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. शाळेचं नाव, घराण्याचं नाव, देवस्थानाचं नाव, यातलं काहीही मुलीपेक्षा मोठं नाही. आणि मूल हरवलं तर चोवीस तास थांबून मगच तक्रार घेतात, हा समज डोक्यातून काढून टाका. २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच.

मुलाशी बोलायचं कसं, हेही लोक विचारतात. उभं राहून “कोन रे तू? कोठचा?” असं विचारू नका. खाली बसा. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. आधी “जेवला का?” विचारा. अंगावर काही पांघरा, पण न विचारता हात लावू नका. भोवती गर्दी जमू देऊ नका. फोटो फक्त पोलीस किंवा आमच्यासाठी काढा, गावच्या ग्रुपवर टाकू नका. ज्याच्यापासून ते पळून आलंय, तोही त्या ग्रुपवर असू शकतो. आम्ही येईपर्यंत शक्यतो एका बाईने त्याच्याजवळ बसावं. माझ्या पिशवीत रात्री एक स्वेटर, बिस्किटाचे दोन पुडे, पाण्याची बाटली, टॉवेल, सॅनिटरी पॅड आणि रंगीत खडू असतात. खडूंनी जितकं कळलं, तितकं प्रश्नांनी कधी कळलं नाही.

ज्यांना घर देता येणार नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. कोरकू बोलणाऱ्या तरुण-तरुणींनो, रात्री फोनवर दुभाषा म्हणून बसा, तुमची पाच मिनिटं त्या मुलाला सगळ्या प्रवासापेक्षा जास्त धीर देतील. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरबाईंनो, मुलीची तपासणी बाईनेच करावी असं कायदा म्हणतो, आणि रात्री ती बाई शोधण्यात आमचे तास जातात. तुमचा नंबर द्या. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी ती महिन्यातून एक रात्र मोकळी ठेवा. ऑटोवाले, तिकीट तपासनीस, एसटीचे वाहक-चालक, हमाल, लॉजचे मॅनेजर, तुम्ही आमच्याआधी पाहता. लहान मुलीबरोबर खोली मागणाऱ्या माणसाचं ओळखपत्र पाहताना त्या मुलीचा चेहराही पाहा.

बडनेऱ्याच्या त्या मुलाचं राहिलं. पहाटे चारपर्यंत तो काही बोलला नाही. त्या रात्री जागा मिळाली ती एका निवृत्त शिक्षिकेकडे, समितीच्या सदस्याच्या ओळखीने आणि त्यांच्या परवानगीने. बाईंनी त्याला गरम भात आणि वरण वाढलं, दुसरा बूट शोधत बसल्या नाहीत, स्वतःच्या नातवाचे मोजे घातले. सकाळी सातला तो उठला आणि त्यांना मध्य प्रदेशातल्या आपल्या गावाचं नाव सांगितलं. आम्हाला नाही सांगितलं, त्यांनाच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. तो वीटभट्टीवर होता, मूल चार दिवस शोधत होता.

त्या बाई आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना रात्री उठवत नाही. त्यांच्या जागी मला नावं हवी आहेत. हा अंक खाली ठेवण्याआधी १०९८ हा आकडा फोनमध्ये साठवा, घरच्यांच्या फोनमध्येही साठवा. आणि घरात एक खाट रिकामी असेल तर या आठवड्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन ‘योग्य व्यक्ती’चा अर्ज मागा. अमरावतीतही तो मिळतो, अकोल्यातही मिळतो.